चावी कुणाच्या खिशात?

मे महिन्यातल्या एका रविवारी नागपूरच्या रामदासपेठेत मावसभावाकडे बसलो होतो. बाहेर ४५, आत कूलरची घरघर, आणि कूलरसमोर आम्ही तिघे. विषय एकच, हायब्रिड की इलेक्ट्रिक. मावसभाऊ डॉक्टर आहे, त्याने दीड वर्षापूर्वी एक महागडी हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी, घेतली. शेजारच्या फ्लॅटमधले बिल्डर, त्यांच्याकडे विजेची. हे म्हणतात, पेट्रोल जाळता आणि वर पर्यावरणाच्या गप्पा मारता. तो म्हणतो, मग फिरा समृद्धी महामार्गावर चार्जर शोधत. जीएसटी निघाला, टोलमाफी निघाली, कोराडीच्या वीजकेंद्राचा कोळसा निघाला, रीसेलचा भाव निघाला. तासभर दोघांनी एकमेकांना आकडे फेकून मारले. आणि ज्या गाडीवरून हे रामायण चाललं होतं ती मावसभावाची हायब्रिड खाली पोर्चमध्ये चार दिवसांपासून मढ्यासारखी पडून होती.

तिचं इंजिन ठणठणीत होतं. मागची मोठी बॅटरीही ठीक होती. गेली होती ती बारा व्होल्टची साधी बॅटरी. माझ्या दहा वर्षं जुन्या गाडीतही तीच आहे, आणि नागपूरच्या उन्हात ती दर दोन-तीन वर्षांनी मान टाकतेच. आमच्या पंचवीस वर्षांच्या ओळखीच्या मेकॅनिकने, सगळे त्यांना उस्तादच म्हणतात, अर्ध्या तासात नवी बॅटरी बसवून दिली. पण व्होल्टेज पडलं तेव्हाचे एरर गाडीने लक्षात ठेवले होते आणि ते पुसल्याशिवाय ती ‘रेडी’ व्हायला तयार नव्हती. उस्तादांनी त्यांचा स्कॅनर लावला. एरर दिसले सगळे, पण पुसता येईनात. "भाऊ, वाचता येऊन राहिलं, पुसता नाही येत," ते घाम पुसत म्हणाले. "पुसाची परवानगी वरून पाहिजे." वरून म्हणजे कंपनीच्या सर्व्हरकडून. सर्व्हिस सेंटरचा टो ट्रक पाचव्या दिवशी येणार होता.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा सगळा वादच चुकीच्या जागी रंगलाय. गाडी कशावर चालते हा प्रश्न खोटा नाही, पण दुसऱ्या नंबरचा आहे. ती कुणाच्या परवानगीने चालते, चार्ज होते आणि दुरुस्त होते हा पहिला. तो हायब्रिडला जितका लागू तितकाच विजेच्या गाडीला. आणि तो विचारायची वेळ आत्ताची आहे, कारण याच गाड्यांना आपण करात आणि टोलमध्ये सवलती देतोय.

आधी हायब्रिड-इलेक्ट्रिकचा हिशेब मिटवून टाकू, तो वाटतो तेवढा अवघड नाही. हायब्रिडची खरी करामत गावात दिसते. व्हरायटी चौकात लाल दिवा लागला की इंजिन बंद, एसीचा कॉम्प्रेसर बॅटरीवर चालू. ब्रेक दाबला की मोटरच जनरेटर होते आणि एरवी ब्रेकच्या चकत्या तापवून वाया गेली असती ती ऊर्जा बॅटरीत परत जाते. १९९७ मध्ये जपानमध्ये टोयोटाची पहिली प्रियस आली ती याच हिशेबावर. आपल्याकडे मारुतीच्या ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिडला कागदावर लिटरला २७.९७ किलोमीटरचं ॲव्हरेज आहे, त्यात या थांबत-चालत जाण्याचा वाटा मोठा. समृद्धीवर एकसारखे १२० धरले की ब्रेकच लागत नाही, मग परत मिळवायचं काय? विजेच्या गाडीलाही तिथेच घाम फुटतो, कारण वेगळं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून १२० वर गेलात की तो सव्वादोन पट. शोरूमवाल्याने सांगितलेली रेंज जालन्याच्या अलीकडेच विरघळायला लागते. गंमत बघा, नागपुरात हायब्रिड घेणारा दहापैकी आठ वेळा सांगतो, "लाँगवर जायला घेतली."

तेव्हा ज्याची पार्किंगची जागा स्वतःची आहे, रात्री घरी चार्जिंग होतं आणि रोजची चक्कर मनीषनगर ते सिव्हिल लाइन्स आहे, त्याने खुशाल विजेची घ्यावी. ज्याला महाल भागातल्या गल्लीत वाड्यासमोर गाडी तिरपी लावावी लागते त्याला चार्जर टांगायला स्वतःची भिंतच नाही, त्याला हायब्रिड बरी. कोळशाचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत, पलीकडे खापरखेडा आहे, आणि धरमपेठेतल्या गाडीने धूर सोडला नाही म्हणून तिचा हिस्सा नाहीसा होत नाही, तो कोराडीच्या अंगणात राख होऊन पडतो. पण हे हायब्रिडवाल्याने ऐकवावं का? त्याच्या घरचे तीन एसी काय संत्र्याच्या सालांवर चालतात?

विजेच्या गाडीविरुद्ध नागपुरात एक हुकमाचं पान नेहमी टाकलं जातं: "इथे करून पाहिलं, फसलं." २६ मे २०१७ ला याच शहरात ओला आणि महिंद्राने दोनशे विजेच्या वाहनांचा प्रयोग सुरू केला. मुख्यमंत्री होते, केंद्रीय मंत्री होते, देशात पहिला म्हणून गाजावाजा झाला. वर्षभरात चालक कुरकुरायला लागले आणि काहींना पुन्हा डिझेलवर जायचं होतं. हे खरं आहे. पण का फसलं? मोटर जळली नाही, बॅटऱ्या फुटल्या नाहीत. त्या छोट्या गाड्या एका चार्जमध्ये शंभर-सव्वाशे किलोमीटर जायच्या, उन्हाळ्यात एसी लावला की त्याहून कमी, आणि चार्ज करायच्या जागा मोजून चार-पाच. रांगेत तास-दोन तास गेले की चालकाची त्या दिवशीची कमाई बुडाली. ज्याचं पोट गाडीवर होतं त्याच्या हातात चार्जिंगच्या जागेचं काहीच नव्हतं, ना दर, ना वेळ, ना नंबर. त्या प्रयोगातून मी हा धडा घेतो. बॅटरीबद्दलचा कुठलाच धडा त्यातून निघत नाही, कारण आजच्या महाग गाड्यांची बॅटरी त्या बॅटरीच्या चार-पाच पट मोठी आहे.

मग आज काय बदललं? गेल्या हिवाळ्यात त्याच बिल्डर शेजाऱ्यांबरोबर शिर्डीला निघालो होतो. वाटेत थांब्यावर चार्जर होता, नवाकोरा, वर छप्पर, शेजारी चहाची टपरी. चार्जिंगची गन खाचेत अडकलेली. क्यूआर स्कॅन केला तर ॲप उतरवा म्हणाला. नेटवर्कची एक काडी, ॲप उतरायला दहा मिनिटं. मग ओटीपी. मग वॉलेटमध्ये आधी पाचशे टाका. टाकले. मग पडद्यावर आलं, चार्जर उपलब्ध नाही. समोर उभा आहे, हिरवा दिवा लावून, पण उपलब्ध नाही. शेजाऱ्यांच्या मोबाइलमध्ये चार्जिंगची सात ॲप होती आणि प्रत्येकात दोनशे-चारशे रुपये अडकलेले. टपरीवरचा पोरगा चहा गाळता गाळता म्हणाला, "काका, निळं ॲप असन तं होते. हिरव्यानं नाही होत." समोरच्या पंपावर एक ट्रॅक्स जीप आली, डिझेल भरलं, फोन दाखवून पैसे दिले आणि गेली. पंपाने तिला तिची कुंडली विचारली नाही.

असल्या गोष्टीची नागपूरइतकी आठवण दुसऱ्या कुठल्या गावाला असायला नको. रेल्वे आली तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसीला देशभर एकच रुंद रूळ हवा होता, साडेपाच फुटांचा. पुढे १८७० च्या सुमाराला खर्च वाचवायचा म्हणून मीटर गेज आलं, मग त्याहून अरुंद. कागदावर बचतीचा हिशेब अगदी बरोबर होता. पण इतवारी स्टेशनवर छिंदवाड्याहून, नागभीडहून येणाऱ्या छोट्या गाडीतलं पोतं मोठ्या गाडीत जायचं असेल तर मध्ये हमाल लागायचा. गेज बदललं की पोतं उतरवा, पुन्हा चढवा. रूळ एक करायचं मोठं काम १९९२ मध्ये हाती घेतलं, आणि नागभीडची छोटी गाडी बंद व्हायला २०१९ उजाडलं. आता मोतीबागेच्या संग्रहालयात ती इंजिनं पाहायला आपण पोरांना घेऊन जातो. गाड्यांच्या प्लगचं गेज आपण बऱ्यापैकी लवकर एक केलं हे मान्य करायला हवं. सुरुवातीला दोन-तीन प्रकार होते, आता मोटारींना जवळपास सगळीकडे सीसीएस-२ हा एकच प्लग. पण पैसे देण्याचं गेज प्रत्येक कंपनीने आपापलं ठेवलं, आणि मधला हमाल म्हणून तुम्ही-आम्ही ॲप उतरवतोय. ज्या देशात भाजीवालीच्या पाटीवरचा क्यूआर कुठल्याही बँकेचे पैसे घेतो तिथे लाखो रुपयांचा चार्जर फक्त आपल्याच वॉलेटचे घेतो, हे तंत्रज्ञानाचं अपयश म्हणायचं की कुणाच्या तरी सोयीचं यश?

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं. ते असं: गाडीच्या सॉफ्टवेअरवरची ही कुलुपं हौस म्हणून लावलेली नाहीत. २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी घरी बसून, इंटरनेटवरून, हायवेवर धावणाऱ्या जीपचा ताबा घेतला होता. करमणुकीच्या पडद्यातून शिरले आणि इंजिनापर्यंत पोचले. कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर गाडीच्या आतल्या कॉम्प्युटरच्या जाळ्याच्या दारात पहारेकरी बसवायची पद्धत आली. बाहेरच्या स्कॅनरला वाचू द्यायचं, लिहू द्यायचं नाही. उस्तादांची जिथे अडचण झाली तो हाच पहारेकरी. शिवाय मोठ्या बॅटरीत चारशे व्होल्ट असतात, काही गाड्यांत आठशे. त्या तारा मुद्दाम संत्र्याच्या रंगाच्या ठेवतात, हात लावू नका म्हणून. रस्त्याकडेच्या कुणीही पकड घेऊन त्यात शिरावं असं मीही म्हणणार नाही. आणि सॉफ्टवेअर दूरवरून सुधारता येतं म्हणून कित्येक दोष गॅरेजचं तोंड न पाहता दुरुस्त होतात. हे फायदे खरे आहेत, आणि "आमच्या वेळी अँबॅसिडर छन्नी-हातोडीने दुरुस्त व्हायची" असलं रडगाणं गाणाऱ्यांशी माझं जमत नाही. ती दुरुस्त लवकर व्हायची कारण बिघडायची रोज. टक्कर झाली की तिचं स्टीअरिंग छातीत घुसायचं.

पण कुलूप असण्याला माझा विरोध कुठे आहे? कुलूप माझ्या दारावर आहे तर एक चावी माझ्याकडे हवी, एवढंच. घराला कुलूप लावणारा बिल्डर चावी स्वतःच्या खिशात ठेवून, "तुमच्याच सुरक्षेसाठी, आत जायचं असेल तेव्हा फोन करा" म्हणाला तर चालेल का? (हा प्रश्न मी त्या रविवारी बिल्डर शेजाऱ्यांनाच विचारला. ते हसले, उत्तर दिलं नाही.) चारशे व्होल्ट धोक्याचे आहेत तर शिकवा. महावितरणचा लाइनमन अकरा हजार व्होल्टच्या खांबावर चढतो, त्याला कुलूप लावून ठेवलं नाही, प्रशिक्षण आणि परवाना दिला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये गाडी दुरुस्तीच्या हक्कावर मतदारांनी दोनदा कौल दिला, २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये, दुसऱ्या वेळी थेट गाडीने बिनतारी पाठवलेल्या माहितीबद्दल. पहारेकरी ठेवा, पण नोंदणी केलेल्या बाहेरच्या मेकॅनिकलाही तो ओळखू दे, इतका साधा तो व्यवहार आहे.

यंत्राला चूक होत नाही, माणसाला होते, असंही एक म्हणणं या सगळ्यामागे दबा धरून बसलेलं असतं. नागपूरकराला कृपया हे सांगू नका. ३० मे २०२४ ला आपल्या इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले. दिवसभर देशभर गाजलं, नातेवाइकांचे फोन आले, जिवंत आहात ना. हवामान खात्याने तपासलं तर सेन्सर बिघडलेला, दुसरी काही केंद्रं ४४ च्या आसपास दाखवत होती. नागपूरचा खरा विक्रम २३ मे २०१३ चा, ४७.९. चूक पकडता आली कारण ताडून पाहायला दुसरी केंद्रं होती आणि ती पाहायचा अधिकार असलेली माणसं गावात होती. गाडीतल्या सेन्सरने ५६ दाखवले तर ताडून कोण पाहणार? अनेक हायब्रिडमध्ये बॅटरी थंड करायची हवा केबिनमधूनच ओढतात, सीटच्या कडेला एक बारकी जाळी असते. आपल्या धुळीत ती दोन उन्हाळ्यांत चोंदते, बॅटरी तापते, पडदा लाल होतो. उस्ताद ती जाळी ब्रशने दहा मिनिटांत झाडून देतात. पण पडद्यावर "बॅटरी तपासा" एवढंच येत असेल आणि पुढचं सगळं कंपनीच्या कुलपात असेल, तर जाळी झाडायची की बॅटरी बदलायची हे गाडीवाल्याला कळणार कसं?

इंटरनेट जोडलेल्या गाडीचं पुढचं पाऊल तर आणखी मजेचं आहे. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने काही देशांत सीट गरम करायच्या सोयीला महिन्याचं भाडं लावलं. तारा, कॉइल, बटण, सगळं गाडीत आधीच बसवलेलं, भाडं फक्त चालू करायचं. ओरड झाली आणि पुढच्या वर्षी गुंडाळलं. (नागपुरात सीट गरम करायला बीएमडब्ल्यू लागत नाही, दुपारी बाराला गाडी उन्हात लावली की पुरे.) मर्सिडीजने अमेरिकेत विजेच्या गाडीचा जोर वाढवून द्यायला वर्षाला बाराशे डॉलर मागितले. जोर मोटरमध्ये होताच, बांधून ठेवला होता. २०२४ च्या जूनमध्ये फिस्कर ही अमेरिकी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिची महागडी विजेची गाडी घेतलेल्या लोकांना कळलं की सॉफ्टवेअर सांभाळणारं कुणी उरलेलं नाही. शेवटी गाडीमालकांनीच संघटना करून धडपड सुरू केली. हिंदुस्तान मोटर्सने अँबॅसिडर बनवणं २०१४ मध्ये थांबवलं, त्या गाड्या आजही एखाद्या लग्नात सजून येतात. कंपनी मेली तरी गाडी मरत नव्हती, इतकं तरी जुन्या काळाचं देणं मानायला हवं.

माहितीचंही तसंच, पण इथे मी सरसकट विरोधात नाही, उलट एक उदाहरण त्या बाजूने देतो. बाहेरून चार्ज करता येणाऱ्या हायब्रिड प्रयोगशाळेत फार स्वच्छ दिसायच्या. युरोपात कायद्याने गाड्यांमध्ये इंधन मोजायची यंत्रणा बसवायला लावली, ती माहिती सरकारने गोळा केली आणि २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने सांगितलं की रस्त्यावर या गाड्या कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट कार्बन सोडतात. कारण साधं, लोक त्या चार्जच करत नव्हते, पेट्रोलवर पळवत होते. गाडीने दिलेल्या माहितीनेच गाडीचं सोंग उघडं पाडलं. म्हणजे माहिती जाणं वाईट नाही, कुणाकडे जाते ते पाहायचं. २०२३ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने पंचवीस मोटार ब्रँडांच्या गोपनीयतेची तपासणी केली, पंचवीसही नापास. २०२४ च्या शेवटी फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे आठ लाख विजेच्या गाड्यांची माहिती इंटरनेटवर उघडी पडलेली सापडली, त्यातल्या बऱ्याच गाड्या कुठे उभ्या होत्या त्यासकट. डॉक्टरची गाडी रोज कुठल्या दवाखान्यासमोर किती वेळ थांबते हे कंपनीला ठाऊक आहे, आणि त्याच डॉक्टरला स्वतःच्या गाडीतला एरर पुसता येत नाही.

आणि पडद्याचं काय? एसीचा झोत वळवायचा तरी तीन पानं उलटायची. स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० च्या वेगाने चार साधी कामं करून पाहिली. बटणांच्या २००५ च्या व्होल्व्होत दहा सेकंद लागले, सगळ्यात वाईट पडद्याच्या गाडीत पंचेचाळीसच्या आसपास. तेवढ्या वेळात गाडी सव्वा किलोमीटरहून पुढे गेलेली. समृद्धीच्या सरळसोट रस्त्यावर डोळे आधीच जड होतात, तिथे हे कुणाला हवंय?

"जाऊ द्या हो, श्रीमंतांच्या गाड्या, श्रीमंतांचं दुखणं," असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांच्यात तथ्य आहे. ज्या गावात शहर बसला लोंबकळून कॉलेजला जाणारी पोरं आहेत तिथे साठ लाखांच्या गाडीच्या स्क्रीनवर लेख लिहिणं जरा चैनीचंच. पण दोन गोष्टी. एक, महाग गाडीतलं तंत्र खाली झिरपतं. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारं एबीएस एकेकाळी परदेशी गाड्यांची मिजास होती, २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाडीला ते सक्तीचं आहे. चांगल्या सोयी झिरपतात तशी कुलुपंही झिरपतील. आज कुठल्याही शोरूममध्ये जा, दहा-बारा लाखांच्या गाडीतही सिमकार्ड आणि "पहिली तीन वर्षं मोफत" सापडेल. दुसरी गोष्ट पैशाची. सप्टेंबर २०२५ नंतर डिलिव्हरीच्या पोराच्या स्कूटरवर १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्या हायब्रिडवर ४०, आणि विजेच्या गाडीवर ५, मग ती बारा लाखांची असो की एक कोटीची. राज्याने मार्च २०२५ मध्ये तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना सहा टक्के कर लावायचं ठरवलं आणि त्याच अधिवेशनात मागे घेतलं. नंतर आलेल्या धोरणात समृद्धीवर विजेच्या मोटारींना टोल माफ. यातलं काही चूकच आहे असं मी म्हणत नाही, हवा स्वच्छ करायची तर कुठून तरी सुरुवात हवी. पण स्कूटरवाल्याने भरलेल्या करातून जी सवलत निघते ती घेणाऱ्या कंपनीला एकही अट नसावी?

अट घालता येते, आपण घातलेलीही आहे. २०१५ नंतर नुसती छोटी मोटर जोडून "हायब्रिड" म्हणवणाऱ्या डिझेल गाड्यांनाही केंद्राचं अनुदान मिळत होतं. एप्रिल २०१७ पासून ते काढून घेतलं, कारण सरकारने एकदाचं विचारलं की आपण नेमके कशाचे पैसे देतोय. तसंच आता विचारावं. सवलत घेणारा चार्जर कुठल्याही यूपीआयने, ॲप न उतरवता सुरू झाला पाहिजे. गाडी सर्व्हरशिवाय सुरू झाली, चालली, उघडली पाहिजे. एरर वाचायचं आणि पुसायचं साधन नोंदणीकृत बाहेरच्या गॅरेजला रास्त भावात मिळालं पाहिजे. हे काही माझ्या डोक्यातलं क्रांतिकारक खूळ नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मेकॅनिकांना न दिल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं सरकारी पोर्टलही निघालं. पोर्टल उघडून पाहा, छान आहे, पण त्याने उस्तादांच्या स्कॅनरवरचा एरर पुसला जात नाही.

नवं तंत्र या गावाला परकं नाही. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. मँचेस्टरचे लोक जुन्या चात्यांना चिकटून बसले होते तेव्हा १८८० च्या दशकात रिंग फ्रेम ही सूतकताईची नवी यंत्रं इथे चालवून पाहिली. आपल्या कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून हवेत ओलावा सोडायची यंत्रं बसवली. यंत्र गावाच्या हवेसारखं करून घेतलं आणि ते चालवणारे, दुरुस्त करणारे हात इथलेच होते. मिल २००२ मध्ये बंद पडली, आता तिथे मॉल आहे. मॉलच्या पार्किंगमध्ये चार्जरचा हिरवा दिवा दिसला की मला दर वेळी तो समृद्धीवरचा दिवा आठवतो.

मावसभावाची गाडी सहाव्या दिवशी परत आली. टो ट्रकचे वेगळे, तपासणीचे वेगळे, असं मिळून बिल अकरा हजारांच्या वर. त्यात एक ओळ होती, "फॉल्ट मेमरी क्लिअर, १ नग". उस्तादांचा धाकटा मुलगा यंदा आयटीआयला इलेक्ट्रिक गाड्यांच्या ट्रेडला लागलाय, त्याला दाखवायला म्हणून त्यांनी ते बिल मागून घेतलं. चष्मा कपाळावरून खाली ओढून दोनदा वाचलं, मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "एक नग म्हंजे किती मोठा असते, भाऊ?"